मुंबई-पुण्याची चुरस आणि मावळची माती

प्रो कबड्डी लीगचा बारावा हंगाम २०२५ च्या ऑगस्टअखेरीस सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी संपला. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत मिळून सारे सामने खेळले गेले. यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे महाराष्ट्राचे दोन्ही संघ त्यात होते. ते परस्परांशी खेळलेही. आणि पुण्याचा संघ तर अंतिम सामन्यापर्यंत जाऊन दिल्लीकडून पराभूत झाला. परंतु या संपूर्ण हंगामात महाराष्ट्राच्या भूमीवर एकही सामना झाला नाही. ज्या लढतीला आयोजक मोठ्या कौतुकाने 'महाराष्ट्राची डर्बी' म्हणतात, ती महाराष्ट्राबाहेर, तिकीट काढून बसलेल्या परक्या प्रेक्षकांपुढे उरकली गेली. या गोष्टीचे कोणाला वैषम्य वाटल्याचे दिसले नाही, ही त्याहून चिंतेची बाब होय.

शहरी वाचकाला हा प्रश्न करमणुकीच्या वेळापत्रकाचा वाटेल. भोर तालुक्यातील आंबवड्यासारख्या गावातून पाहिले म्हणजे तो निराळा दिसतो. संस्थानकाळातील झुलत्या पुलामुळे आणि नागेश्वराच्या देवळामुळे हे गाव प्रवाशांना ठाऊक आहे. भोर आणि वेल्हे या डोंगरी मुलखातील माणूस पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या दोन वाटांनी बाहेर पडला. एक वाट मुंबईच्या गिरण्यांची आणि गोदीची, दुसरी पुण्याच्या कारखान्यांची आणि कचेऱ्यांची. एक भाऊ परळला आणि दुसरा धनकवडीला, असे घर या मुलखात दुर्मिळ नाही. जत्रेला दोघे गावी आले की दूरचित्रवाणीपुढे बसून एकाने मुंबईची बाजू घ्यावी आणि दुसऱ्याने पुण्याची, हे ओघानेच आले. मुंबई-पुण्याची चुरस कुठे खऱ्या अर्थाने नांदत असेल, तर ती अशा घरांत नांदते. बालेवाडीचे क्रीडागृह आंबवड्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे, जयपूर नाही.

चुरस म्हणजे काय, हे या गावाला निराळे शिकवण्याचीही गरज नाही. आंबवड्यातच कान्होजी जेधे यांची समाधी आहे आणि जिवा महालाचीही. जेधे हे रोहिड खोऱ्याचे देशमुख, तर शेजारच्या हिरडस मावळचे देशमुख बांदल. शिवेला शीव लागलेली, आणि वैर पिढीजात. शिवाजीराजांनी हे खोरे एकेक करून जोडले तेव्हा दोन्ही घराणी अखेर एका झेंड्याखाली आली. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ साली, कान्होजी वतनावर पाणी सोडून आपल्या पुत्रांसह राजांच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १६६० च्या जुलैत, बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे घोडखिंडीत कामास आले. दरबारातील तलवारीच्या पहिल्या पानाचा मान तोवर जेध्यांकडे होता. तो बांदलांना द्यावा असे ठरले आणि जेध्यांनी तो खळखळ न करता सोडला, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकातील वतनदारांचे वैर आणि आजचा कबड्डीचा सामना यांची तुलना ताणण्यात अर्थ नाही. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू पडते. प्रतिस्पर्धी हा शेजारी असावा लागतो. त्याचे बळ आणि त्याची खोड ठाऊक असावी लागते, आणि त्याने आपल्यावर मात केली तर ती कबूल करण्याची पाळी त्याच्या तोंडावर यावी लागते.

यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांच्या चुरशीचा इतिहास या कसोटीवर तपासून पाहण्याजोगा आहे. २०१४ च्या २६ जुलै रोजी लीगचा पहिला सामना मुंबईत वरळीच्या क्रीडागृहात झाला आणि त्यात यू मुंबाच उतरली होती. वरळीपासून गिरणगाव हाकेच्या अंतरावर. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी या वस्त्यांतील व्यायामशाळांनी आणि मंडळांनी हुतुतू व कबड्डी जोपासली ती गिरणीच्या पाळ्या सांभाळून. १९८२ च्या संपानंतर गिरण्या उजाड झाल्या, तरी मंडळे तगली. पुण्यातही पेठापेठांतून हाच खेळ चालत आला. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. हा सारा इतिहास मराठी माणसांनी घडविलेला आहे. तेव्हा दोन मराठी शहरांच्या संघांत वैर लावून द्यायला आयोजकांना फारसे कष्ट पडले नाहीत. लाकूड सुकलेलेच होते.

प्रत्यक्षात मात्र आरंभीची तीन वर्षे ही लढत बरोबरीची नव्हतीच. अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली मुंबईने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम सामना गाठला. २०१४ मध्ये जयपूरकडून हार, २०१५ मध्ये बंगळुरूला ३६-३० असे नमवून अजिंक्यपद, २०१६ च्या प्रारंभी पाटण्याकडून अवघ्या तीन गुणांनी पराभव. त्याच काळात पुण्याचा संघ पहिले दोन्ही हंगाम तळाला राहिला. पुणेकराला आपल्या शहाणपणाचा कितीही अभिमान असला, तरी त्या दोन वर्षांत कबड्डीविषयी त्याला गप्प बसणेच सोयीचे होते. तिसऱ्या हंगामात मनजीत छिल्लर आला, पुणे उपांत्य फेरीत पोचले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्या वर्षी पुण्याने पाटण्याला हरविले असते, तर अंतिम सामना मुंबई आणि पुणे यांच्यात झाला असता. तो योग हुकला आणि नंतर पुन्हा आला नाही.

२०१७ साली पुण्याने मुंबईला ३३-२१ असे हरवून हंगामाची सुरुवात केली. २०१८ मध्ये चेन्नईत उभय संघांची ३२-३२ अशी बरोबरी झाली आणि कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई या मुंबईच्या नव्या चढाईपटूचे नाव त्या दिवसापासून घरोघर पोचले. चुरस जमू लागली होती. मात्र पारडे हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकत गेले. २०१९ मध्ये मुंबई उपांत्य फेरीत बंगालकडून दोन गुणांनी हरली, आणि २०१६ नंतर तिने अंतिम सामना पाहिलेला नाही. उलट पुण्याने २०२२ मध्ये प्रथमच अंतिम फेरी गाठली आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून अजिंक्यपद पटकावले. त्या हंगामाच्या साखळीत पुण्याने २२ पैकी केवळ दोन सामने गमावले होते. २०२५ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत होता. म्हणजे बारा हंगामांत मुंबईने तीन अंतिम सामने खेळले, पुण्याने तीन खेळले, दोघांनी एकेक अजिंक्यपद मिळविले आणि परस्परांशी मात्र एकदाही अंतिम सामना खेळला नाही. एकाचा सूर्य मावळल्यावर दुसऱ्याचा उगवला. हे वैर साखळीतल्या सामन्यांवर आणि जाहिरातींवर जगले आहे.

वैर कशाने मुरते, याचे उदाहरण अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये आहे. बोस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजलिस लेकर्स हे दोन संघ १९५९ पासून २०१० पर्यंत बारा वेळा अंतिम फेरीत समोरासमोर आले. त्यांतल्या नऊ वेळा बोस्टन जिंकले. लेकर्सना बोस्टनवर पहिली मात करण्यासाठी १९८५ साल उजाडावे लागले. तोवर ते आठ वेळा हरले होते. बिल रसेल १९५६ पासून १९६९ पर्यंत बोस्टनकडूनच खेळला आणि तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवून निवृत्त झाला. जेरी वेस्टने सारी कारकीर्द लेकर्सकडे घालविली आणि बोस्टनकडून पुन:पुन्हा हार पत्करली. ऐंशीच्या दशकात लॅरी बर्ड आणि मॅजिक जॉन्सन यांनी हेच वैर पुढे चालविले, आणि तेही अखेरपर्यंत एकेकाच संघाचे राहिले. तीस वर्षे तीच दोन शहरे आणि तेच दोन रंग. आणि माणसे बदलली तरी दहा-बारा वर्षांनी बदलली. लहानपणी हरलेला संघ पाहिलेल्या मुलाने पन्नाशीत तो जिंकताना पाहावा, इतकी सवड त्या वैराला मिळाली.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. लेकर्सचा संघ मुळात मिनियापोलिसचा. सरोवरांच्या त्या प्रदेशावरून त्याला नाव मिळाले आणि १९६० मध्ये मालकाने तो उचलून लॉस एंजलिसला नेला. सरोवरे मागेच राहिली. रसेल आणि वेस्ट यांच्या काळातील निष्ठेचे जे गोडवे गायिले जातात, त्यातही खोट आहे. त्या काळी करार संपला तरी खेळाडूला मनाप्रमाणे संघ बदलण्याची मोकळीक नव्हती. ऑस्कर रॉबर्टसन आणि त्याच्या सहकाऱ्यांना त्यासाठी न्यायालयात जावे लागले आणि १९७६ मध्ये तडजोड होऊन ती बेडी सैल झाली. तेव्हा कबड्डीपटूंनी जन्मभर एकाच मालकाची चाकरी करावी, अशी मागणी कोणी करू नये. खेळाडूची उमेद आठ-दहा वर्षांची. गुडघा एकदा गेला की गेला. पूर्वी रेल्वेत, पोलिसांत, बँकेत किंवा एखाद्या कारखान्यात नोकरी मिळणे हीच त्याची कमाल प्राप्ती होती. आज त्याला चार पैसे मिळत असतील तर त्याचा हेवा करण्याचे कारण नाही.

परंतु लिलावाच्या पद्धतीने या चुरशीची जी दशा केली आहे, तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. सिद्धार्थ देसाई मुंबईला सापडला, एका हंगामात नावारूपाला आला आणि २०१९ मध्ये तेलुगू संघाने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेले. मुंबईला पहिली तीन वर्षे अंतिम फेरीत नेणारा अनुपकुमार २०१९ मध्ये पुण्याचा प्रशिक्षक झाला. इराणचा फझल अत्राचली हा मुंबईच्या बचावाचा खांब आणि कर्णधार. २०२२ मध्ये १ कोटी ३८ लाखांना तो पुण्याकडे गेला आणि त्यानेच पुण्याला पहिल्या अंतिम सामन्यात नेले. यात अनुपकुमारचा दोष नाही आणि अत्राचलीचाही नाही. पण काल ज्याच्या पकडीवर वरळीत टाळ्या वाजल्या, त्याच्याच पकडीवर आज बालेवाडीत वाजाव्यात, तर प्रेक्षकाने वैर धरायचे कोणाशी? अंगरख्याच्या रंगाशी? मग फक्त भगवा आणि नारिंगी यांतला फरक उरतो. इतक्यासाठी गावातले दोन भाऊ हमरीतुमरीवर येतील हे संभवत नाही.

पुण्याच्या २०२४ च्या यशाचे मोल यासाठी अधिक आहे. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. तो दुसऱ्याचा आयता तारा म्हणून विकत आणलेला नव्हता. पुण्याच्याच संघात वाढला. संघात बाहेरचे बळही होते. इराणच्या मोहम्मदरेझा शाडलूसाठी पुण्याने २ कोटी ३५ लाख मोजले. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगचौच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इनामदार भारताकडून आणि शाडलू इराणकडून खेळला. त्या सामन्यातला वाद जगाने पाहिला, आणि दोन महिन्यांतच दोघे पुण्याच्या बाजूने खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ही गोष्ट सुंदर आहे. परंतु प्रेक्षकाने जो संघ आपला मानला, तो इनामदारसारखे खेळाडू वर्षानुवर्षे तिथेच राहिले म्हणून. शाडलू पुढच्याच हंगामात हरियाणाकडे गेला आणि हरियाणा २०२४ च्या डिसेंबरात पुण्यातच अजिंक्य ठरले. बालेवाडीच्या प्रेक्षकांनी तेही पाहिले.

आता मूळ तक्रारीकडे वळावयास हरकत नाही. आरंभी प्रत्येक शहराला आपले घरचे सामने मिळत. करोनाच्या साथीत २०२१-२२ चा सारा हंगाम बंगळुरूच्या एका हॉटेलात प्रेक्षकांविना खेळावा लागला. त्याला इलाज नव्हता. २०२३-२४ मध्ये बारा शहरांचा फेरा पुन्हा सुरू झाला, पुण्यात डिसेंबरमध्ये आणि मुंबईत जानेवारीत सामने झाले, आणि सर्वांना वाटले की गाडी रुळावर आली. लगेच पुढच्या हंगामात शहरे तीनवर आली. त्यांत पुणे होते, मुंबई नव्हती. २०२५ मध्ये चार शहरे, आणि महाराष्ट्र नाही. आयोजकांची बाजू समजण्यासारखी आहे. बारा संघांचा लवाजमा गावोगाव हलविणे खर्चाचे असते, उत्पन्नाचा मोठा वाटा दूरचित्रवाणीकडून येतो, आणि कॅमेऱ्याला वरळी काय नि विशाखापट्टणम काय, मॅट सारखीच दिसते. हिशेबाच्या वहीत हे बिनतोड आहे. पण ज्या शहराचे नाव अंगरख्यावर लावून तिकिटे आणि अंगरखे विकायचे, त्या शहरात वर्षातून एकदाही खेळायचे नाही, हा व्यवहार सचोटीचा म्हणता येणार नाही. सेल्टिक्स हे बोस्टनमध्ये खेळतात म्हणून बोस्टनचे आहेत. फलकावर तसे लिहिले आहे म्हणून नव्हेत.

आणि याची झळ कोणाला लागते? मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू प्रेक्षकाला नाही. त्याला क्रिकेट आहे, सिनेमा आहे. ती लागते गावोगावच्या मंडळांना. भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात आजही जत्रेला, शिवजयंतीला सामने भरतात. मैदानातले खडे वेचायचे, माती चाळून पाणी मारायचे, फक्कीने रेषा आखायच्या, ध्वनिवर्धकावरून नावे पुकारायची. प्रवेश फी, चषक, रोख बक्षीस, वजनी गट, पंचाशी हुज्जत, सारे रीतसर असते. या मैदानावर दम हा अजून गुण समजला जातो. व्यावसायिक खेळात तीस सेकंदांच्या घड्याळाने आणि तिसऱ्या निर्णायक चढाईच्या नियमाने त्याची पत बरीच कमी केली आहे. खेळ वेगवान झाला हे खरे, पण हुतुतूचा प्राणच थोडा उणावला. असो. अडचण निराळीच आहे. निवड चाचणी मॅटवर होते आणि मुलगा वाढतो मातीवर. मातीत अनवाणी पाय घट्ट रुततो. मॅटवर बूट घालून तोच पाय निराळा पडतो आणि गुडघा मुरगळतो. मॅटचा पूर्ण संच ही एका गावच्या मंडळाच्या आवाक्यातली वस्तू नव्हे. जो मुलगा वर्षातून एकदा बालेवाडीला जाऊन, मॅटवरचे पाय कसे पडतात हे डोळ्यांनी पाहून येई, त्याची तेवढी शाळाही आता बंद झाली.

महाराष्ट्राच्या कबड्डीला याचे वावडे असून चालणार नाही. २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, ते अकरा वर्षांनी. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराण पुरुषांचे सुवर्णपदक घेऊन गेले. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डीचा आशियाई स्पर्धेत समावेश झाल्यापासून ते भारताच्या हातून कधी सुटले नव्हते. हरियाणात गावोगाव आखाडे आणि मॅट आहेत आणि त्याचा परिणाम प्रत्येक लिलावात दिसतो. महाराष्ट्राजवळ परंपरा आहे, प्रेक्षक आहेत, दोन संघ आहेत. त्या दोन संघांच्या चुरशीतून गावाकडे काही झिरपले पाहिजे की नाही?

दोन्ही संघांच्या मालकांनी मनात आणले तर लीगच्या वेळापत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. हंगामापूर्वी प्रत्येक संघाचे सराव शिबिर भरते आणि सराव सामने होतात. त्यांतले दोन सामने मुंबईने आणि पुण्याने परस्परांशी खेळावेत, एक वरळीत आणि एक बालेवाडीत, घरच्या आणि परक्या मैदानाच्या रीतीने, कमी तिकिटात. तिसरा तालुक्याच्या गावी खेळावा. एका वर्षी भोरला, पुढे चिपळूणला, त्यापुढे चंदगडला. सामना संपल्यावर अंथरलेली मॅट गुंडाळून परत न्यायची नाही. ती तालुक्याच्या क्रीडासंकुलात ठेवायची आणि तिची किल्ली मंडळांच्या स्वाधीन करायची. कोट्यवधींच्या लिलावापुढे हा खर्च किरकोळ आहे. लीगच्या चालकांकडे मागणी करायची ती एवढीच की, पुढच्या हंगामात शहरे तीन असोत की चार, या दोन संघांतला एक तरी सामना महाराष्ट्रात झाला पाहिजे. राज्य कबड्डी संघटनेने ही मागणी लेखी केली पाहिजे, आणि हंगामाची शहरे जाहीर होण्याच्या आत केली पाहिजे.